झोपेआधीचा ओव्हर

सोलापूर, १० फेब्रुवारी २०२५

राजूमावशी,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. सासूबाईंचा गुडघा दुखतोय, पण तो तू माझ्या लग्नाला आली होतीस तेव्हाही दुखत होता.

फोन सोडून पत्र का, ते सांगते. मला झोप येत नाही. नाइट करून घरी येते, डोळे चुरचुरत असतात, अंग टाकते आणि डोळे टक्क उघडे. दिवसपाळी असली तरी तेच. कान नुसते मशिनच्या टूं-टूंची वाट बघत बसतात. दिवाळीपासून हे चाललंय. कुणाला बोलले नव्हते, पण गेल्या महिन्यात मेट्रन मॅडम राउंडला आल्या आणि मी त्यांच्यासमोर उभ्या-उभ्या झोपले. त्या सूचना देत होत्या, माझी मान खाली-वर होत होती. त्यांना वाटलं, हिला पटतंय. मग मी घोरले.

हसू नकोस. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "सिद्धेश्वरी, एवढ्याशा बाळांच्या खोलीत पेंगणारी नर्स मला चालणार नाही. मार्चअखेरपर्यंत सुधारलीस तर बाळांपाशी राहशील, नाही तर लिननला जाशील." लिनन म्हणजे तळघर. तिथे दवाखान्याच्या चादरी मोजायच्या. मावशी, त्या बाळांच्या खोलीत शिरायला मला पाच वर्षं लागली. ओंजळीत मावणारं बाळ आपल्या डोळ्यांदेखत गुबगुबीत होऊन घरी जातं, ते सोडून मी चादरी मोजू? घरी चादरी, कामावर चादरी!

विरेशची काळजी निराळीच आहे. "बाहेर बोलू नकोस," म्हणतो. "चादरवाल्याच्या बायकोलाच झोप येत नाही म्हटल्यावर दुकानात कोण पाय ठेवील?"

तर आमच्या दवाखान्यानं नर्सेससाठी झोपेचा ऑनलाइन उपचार आणलाय. गोळी नाही, औषध नाही, नुसतं बोलणं आणि सवयी बदलणं. सहा आठवडे. दर आठवड्याला पुण्याहून देवयानी मॅडम मोबाइलवर येतात. त्या मानसोपचार करतात. त्यांचा पहिला नियम काय असावा? झोपायच्या दोन तास आधी मोबाइल बंद! मी विचारलं, "मग त्या वेळात करू काय?" त्या म्हणाल्या, "आवडत्या माणसाला हातानं पत्र लिहा." माझी आवडती माणसं दोन. एक शेजारी घोरतंय. दुसरी तू.

तू जन्मभर नर्स होतीस. तुला कशी गं झोप लागायची?

तुझी,
सिदू

—

अकलूज, १५ फेब्रुवारी

सिदू,

तुझं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं आणि तो पायरीवर बसूनच राहिला. "बँकेचं न्हाई, कोर्टाचं न्हाई, मग हाय तरी कशाचं?" म्हणतो. मी फोडून वाचेपर्यंत हलला नाही. तुझ्या घोरण्यापर्यंत आल्यावर मला हसू आलं तेव्हा कुठं गेला.

झोप काय मोबाइलमधून येते होय गं? आमच्या वेळी ऑनलाइन नव्हतं, मानसोपचार नव्हता, पंखासुद्धा एकच होता आणि तो डॉक्टरांकडं. तरी आम्ही झोपत होतो की. मला बघ. उशीला डोकं टेकलं की झोप. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, एक रात्र जागले नाही.

बाकी इकडे ठीक. दूधसंघाचा टँकर पहाटे जातो, त्याचा नवा ड्रायव्हर वळणावर विनाकारण हॉर्न वाजवतो, त्याला कुणीतरी बोललं पाहिजे. समोरच्या फुलाबाईचा मुलगा मध्यरात्र उलटल्यावर चपला हातात घेऊन घरात शिरतो. फुलाबाईला वाटतं, पोरगं नऊलाच झोपलंय. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून जातात. कुठला कुठल्या गावचा ते मी आता गाण्यावरून सांगते. डाळींचे डबे परवा पुसून लावले, काल परत काढून उंचीप्रमाणं लावले.

त्या देवयानीबाईंचा दुसरा नियम काय आहे ते कळव. मला काही करायचं नाही. माहीत असावं आपलं.

राजूमावशी

—

सोलापूर, २० फेब्रुवारी

मावशी,

दुसरा नियम ऐक आणि आमच्या घराचं काय झालं तेही ऐक.

खाटेवर फक्त झोपायचं. बसायचं नाही, खायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. म्हणजे खाट दिसली की डोक्याला कळलं पाहिजे, हितं झोपतात. मॅडमना काय माहीत आमची खाट! तिच्यावर सासूबाई मेथी निवडतात, विरेश चादरींच्या घड्या घालतो, आणि पाहुणा आला की पहिला तिथंच टेकतो. पण सासूबाईंनी नियम असा मनावर घेतलाय की विचारू नकोस. लाटणं घेऊन खाटेपाशी बसतात. गेल्या आठवड्यात विरेशचे मामा आले, टेकणार इतक्यात या ओरडल्या, "खाटेवर बसू नका! डॉक्टरांनी मनाई केलीया!" मामा कमरेत वाकलेले तसेच सरळ झाले आणि चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, चादरवाल्याच्या घरात ढेकूण झालेत. विरेश दोन दिवस जेवला नाही.

तिसरा नियम, झोप आली नाही तर पडून राहायचं नाही. उठून दुसरीकडं बसायचं आणि डोळे जडावले की परत यायचं. मी उठून बसते. डोळे जडावतात. तेवढ्यात सासूबाई दारातून डोकावतात, "निद्दी बंतेन? झोप आली का गं?" आली होती, अत्ती. गेली.

शिवाय मॅडमनी त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग दिलंय, "तुमचे पाय जड होत आहेत, हात सैल होत आहेत…" ते ऐकून सासूबाई झोपल्या, विरेश झोपला, शेजारच्या खिडकीतलं मांजर झोपलं. मी जागी. विरेशनं ते दुकानात लावून बघितलं. लातूरचं एक गिऱ्हाईक चादरींच्या गठ्ठ्यावरच लवंडलं. उठलं आणि म्हणालं, "असली झोप बारा वर्षांत लागली नव्हती," आणि चार चादरी घेऊन गेलं. आता दुकानात दुपारभर देवयानी मॅडमच असतात. ढेकणांचं नाव निघत नाही.

खरी गोष्ट आता सांगते. डोळे मिटले की सुरू होतं. सासूबाईंची गोळी झाली का, गच्चीचं दार लावलं का, तीन नंबरच्या बाळाच्या आईला नीट समजावलं का. मॅडम म्हणतात, काळजी कागदावर लिहा, कागद खणात ठेवा आणि मनाला सांगा, उद्या बघू. मावशी, नर्सला कुणी उद्या बघू सांगतं का? आपली ड्यूटी घड्याळावर सुटते होय? पुढची सिस्टर आली, तिला एकेका खाटेपाशी नेऊन ओव्हर दिला, हे बघ, ते बघ, याचं सलाईन, त्याचा ताप, आणि ती "घेतला" म्हणाली की मगच आपण पर्स उचलायची. वॉर्डात मी प्रियंकाला ओव्हर देते तेव्हा डोक्यावरून पाटी उतरल्यासारखं होतं. घरी मी कुणाला देऊ? विरेशला सांगून बघितलं तर म्हणे, "ओव्हर? सहा बॉलची का?"

मॅडमना हे समजावलं. त्यांनी प्रेमानं ऐकलं आणि परत खणच सुचवला.

सिदू

—

अकलूज, २५ फेब्रुवारी

सिदू,

त्या बाईंना खणात ठेवू दे त्यांचं डोकं. मला दे ओव्हर.

रोज झोपायच्या आधी मला लिही. नुसती काळजी नाही, रीतसर ओव्हर. खाट नंबर, नाव, वय, तक्रार, काय दिलं, काय बघायचं. रडगाणं नको. मी छत्तीस वर्षं ओव्हर घेतलेत, निम्मे तर रडणाऱ्या पोरींकडून घेतलेत. पत्र पेटीत पडलं की ते मला मिळालं असं धरायचं आणि पर्स उचलायची. माझं उत्तर येईपर्यंत थांबलीस तर आठवडाभर उभी राहशील.

तो खाटेचा नियम म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. मी मुद्दाम करून बघितला, वेडेपणा आहे हे सिद्ध करायला. फुलाबाई गवारी निवडायला बसली होती, तिला उठवलं. ती म्हणाली, "आवं बाई, ही खाट हाय का देव्हारा?" आता ती रुसलीय. मोबाइलही मी ज्वारीच्या कोठीत ठेवते. धूळ बसू नये म्हणून. त्या नियमाशी त्याचा काही संबंध नाही.

राजूमावशी

—

सोलापूर, १ मार्च

मावशी, ओव्हर देते.

खाट एक. चंद्रव्वा, वय अडुसष्ट, माझ्या सासूबाई. गुडघादुखी. तेल लावलंय. साखर आहे, तरी दोन शेंगापोळ्या खाल्ल्या. विचारलं तर एक म्हणतात. पदर झटकून बघितला, कूट दोनाचंच आहे. लक्ष ठेवायचं.

खाट दोन. विरेश, वय तेहतीस, नवरा. ढेकणांची अफवा. जेवण सुरू झालं. झोपेत "एकावर एक फ्री" बडबडतो. धोका नाही.

खाट तीन. दूध मंद गॅसवर आहे. मी आत्ता बंद करतेच, पण सांगून ठेवते.

खाट चार. गच्चीवर सांडगे. शेजारचं मांजर येऊन हुंगून गेलंय.

खाट पाच. दवाखान्यातलं तीन नंबरचं बाळ. आज पहिल्यांदा आईचं दूध ओढलं. आई घाबरते, बाळाला काचेच्या भांड्यासारखं धरते. प्रियंकाला सांगितलंय. तरी तुलाही सांगते.

खाट सहा. मी. काल रात्री झोप जेमतेम. तळघराची भीती वाटते. दिलं काही नाही.

ओव्हर संपला. पेटीत टाकायला खाली जाते.

—

अकलूज, ५ मार्च

सिदू,

ओव्हर घेतला.

दूध बंद केलंस का? लिहिताना गॅस चालू होता, पुढं काही नोंद नाही. पत्र मला मिळालं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते हे मला कळतं, मी काही वेडी नाही. तरी उठून आमचाच गॅस बघून आले. तीनदा.

ओव्हर कच्चा आहे. गुडघा डावा की उजवा? माझ्या वॉर्डात डावा-उजवा न लिहिणारी एक पोर मी टिकू दिली नाही. साखर किती, ते नाही. सांडगे झाकले की नाही, ते नाही. मांजर कुठल्या रंगाचं? तू म्हणशील रंगाचं काय काम. काळं असेल तर ते परत येतं. आमचं येतं. रोज पहाटे येतं, टँकरच्या आधी.

बाळाच्या आईला सांग, बाळ पडत नाही. घाबरलेल्या आईच्या हातून तर मुळीच पडत नाही. आता वजन किती आहे त्याचं? पत्र आल्यापासून मी विचार करतेय.

तुला झोप लागते का ते लिही. मला छान लागते.

राजूमावशी

—

सोलापूर, ९ मार्च

मावशी,

दूध बंद केलं होतं. गुडघा डावा. मांजर भुरं. बाळाचं वजन वाढतंय आणि आईनं काल त्याला एका हातात धरून दुसऱ्या हातानं वेणी घातली.

मी झोपले! त्या रात्री पत्र पेटीत टाकलं, ठप्प असा आवाज झाला, जिना चढून आले, खाटेवर पडले आणि पुढचं आठवत नाही. तेव्हापासून रोज लिहितेय नि रोज झोपतेय. इतकी की परवा नाइटनंतर दिवसा झोपले ती देवयानी मॅडमची वेळसुद्धा झोपेत गेली. मोबाइल वाजला तो सासूबाईंनी उचलला. मॅडम स्क्रीनवर. या म्हणाल्या, "ती झोपलीया. उठवणार न्हाई. तुमीच सांगितलंय ना झोपायला?" मॅडम म्हणे डोळे पुसत हसत होत्या. गैरहजेरीचं इतकं चांगलं कारण त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

आता दुसरं. रागावू नकोस.

मावशी, तू झोपत नाहीस. उशीला डोकं टेकलं की झोपणाऱ्या बाईला टँकरचा हॉर्न कसा ऐकू येतो? चपला हातात घेतलेला मुलगा कसा दिसतो? ट्रॅक्टर कुठल्या गावचा, मांजर किती वाजता येतं? मी पण नर्स आहे. पेशंट "मी बरी आहे" म्हणतो तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडं बघत नाही, त्याच्या खाटेकडं बघतो. हे तूच शिकवलंयस.

मग मला तुझा निरोप समारंभ आठवला. मी होते की तिथं. शाल, नारळ, तीन भाषणं, पेढे. गाडी दारात उभी. आणि तू वॉर्डाच्या तोंडाशी किल्ल्यांचा जुडगा धरून रस्त्याकडं बघत. तुझ्या जागी येणारी बाई आलीच नव्हती. तिची ऑर्डरच निघाली नव्हती. सगळे "चला, चला" म्हणायला लागले, तेव्हा तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गाडीत बसलीस. नारळ मांडीवर होता.

मावशी, तू ओव्हर कुणाला दिलास?

मला दे.

सिदू

—

अकलूज, १४ मार्च

सिद्धेश्वरी,

शहाणपणा कमी कर. सहा वर्षांपूर्वीचा ओव्हर कुणी देतं का? ते पेशंट बरे होऊन घरी गेले, काही वर गेले, तो वॉर्ड पाडून आता तिथं फरशी बसवलीय. फुलाबाईनं हे वाचलं तर मला सोलापूरला तुझ्याकडं नाही, दुसरीकडं भरती करील.

पोस्टमनला परत पाठवलं होतं. मग हाक मारून बोलावला. पायरीवर बसलाय. लिहिते.

खाट एक. म्हातारा, दमा. वाफ दिली की बरं वाटतं, पण मागत नाही. तोंडाकडं बघून ओळखायचं.

खाट तीन. केराबाई, वय बावन्न, पडून पाय मोडलेला. उजवा. सून भेटायला येत नाही म्हणून जेवत नाही. सून बाहेर झाडाखाली बसलेली असते, आत यायला भिते. तिला हाताला धरून आत आणायचं. ते मी दुसऱ्या दिवशी करणार होते.

खाट पाच. सलाईन संपत आलंय. लक्ष ठेव.

खाट सात. तरणा मुलगा, साप चावलेला, धोका टळलाय, पण दिवा बंद केला की ओरडतो. दिवा चालू ठेवायचा. वरचे लोक विजेवरून बोलतात, बोलू दे.

खाट नऊ रिकामी. चादर बदलायची राहिली.

मलमपट्टीच्या कपाटाचं कुलूप अडकतं. किल्ली आधी उलटी फिरवायची, मग सुलटी. हे कुणाला माहीत नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही गं.

राजेश्वरी, इनचार्ज सिस्टर

—

सोलापूर, १७ मार्च

मावशी,

ओव्हर घेतला.

खाट एक, वाफ दिली. न मागता. खाट तीन, सुनेला हाताला धरून आत आणलं. दोघी आधी भांडल्या, मग एकाच ताटात जेवल्या. खाट पाच, सलाईन संपलं, काढलं. खाट सात, दिवा चालू आहे. वरचे लोक बोलले, बोलू दिलं. खाट नऊ, चादर बदलली. विरेशच्या दुकानातली घातली, निळी, मोरांची. किल्ली आधी उलटी, मग सुलटी. कपाट उघडलं.

काही राहिलं नाही. सगळं माझ्याकडं आहे. पर्स उचल आणि घरी जा.

तुझी रिलिव्हर,
सिदू

—

सोलापूर, २४ मार्च
(विरेशच्या हाती)

मावशी,

तुझं उत्तर नाही. चार दिवस फोन लावतेय, तर बंद. ज्वारीच्या कोठीत आहे का? मी तुला नको त्या आठवणी काढायला लावल्या म्हणून तुला काही झालं का? फुलाबाईंचा नंबर माझ्याकडं नाही. परवा मेट्रन मॅडमसमोर उभं राहायचंय आणि मी तीन रात्री टक्क जागी आहे. ओव्हर लिहिते, पण घेणारी आहे की नाही तेच माहीत नाही, मग पेटीत पडलेल्या पत्राचा आवाजच होत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तळघर गेलं खड्ड्यात, आधी विरेशला अकलूजला धाड." म्हणून सकाळच्या एसटीनं त्याला पाठवतेय. दोन ओळी लिहून दे. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

सिदू

—

अकलूज, २५ मार्च
(विरेशच्या हाती)

सिदू,

तुझ्या नवऱ्यानं मला मारलं होतं. म्हणजे मेलेलं धरलं होतं. आता सावरलाय, चौथी भाकरी खातोय, म्हणून लिहायला वेळ मिळाला.

तुझं "ओव्हर घेतला" आलं, त्या दिवशी मी उन्हं उतरताना जरा आडवी झाले. उठले ती दुसऱ्या दिवशी. सिदू, टँकर कधी गेला मला कळलं नाही! तेव्हापासून हेच. पत्र लिहायला बसावं तर पेन हातात घेतल्यावर जांभई येते. सहा वर्षांची थकबाकी आहे ती.

आज सकाळी दुधाची पिशवी दाराशी तशीच राहिली. फुलाबाईनं खिडकीतून बघितलं, मी खाटेवर उताणी, हात सरळ. तिनं हाका मारल्या. मी कशाला ऐकतेय? तिनं गल्ली गोळा केली. "आवं, ही बाई कदी झोपत न्हाई! सा वर्सांत म्या हिला झोपल्याली बघितली न्हाई! ग्येली की वं!" पोस्टमनही आला आणि पायरीवर बसून रडायला लागला, म्हणे आत्ता कुठं पत्रं सुरू झाली होती. तेवढ्यात खांद्यावर चादर घेऊन विरेश हजर. लोकांनी त्याच्याकडं बघितलं, चादरीकडं बघितलं आणि म्हणाले, बघा, जावयाला आधीच कळलं. विरेशनं तिथंच गळा काढला. कुणीतरी मागच्या दारानं आत शिरून कडी काढली. हा आला आणि माझ्या पायाशी धाडकन बसून हंबरडा फोडला, "मावशीऽऽ!"

माझे डोळे उघडले. समोर वीस माणसं. मी म्हणाले, "खाटेवर बसू नका!"

विरेश उडाला तो दाराबाहेर. फुलाबाई भीतीनं माझ्याच खाटेखाली शिरली. तिला काढायला अर्धा तास गेला.

तर मी जिवंत आहे. चादर छान आहे, निळी, मोरांची. खाट नऊवरची तीच ना? ओळखली मी.

तुझे राहिलेले सगळे ओव्हर आत्ता वाचले. घेतले. झोप.

राजूमावशी

ता. क. फोन कोठीतच आहे. ज्वारी संपली की सापडेल.

—

सोलापूर, २८ मार्च

मावशी,

विरेश रात्री पोचला, मी दारातच पत्र वाचलं, हसून हसून खाली बसले आणि मग झोपले. सासूबाई म्हणतात, "हसता हसताच कलंडलीस."

आता निकाल. मेट्रन मॅडमनी परवा आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि हात कसे धुवावेत यावर भाषण दिलं. दुपारी, जेवणानंतर, पंखा बंद असताना. मला कळलं, ही माझी परीक्षा आहे. मी टक्क जागी. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं ऐकलं. शेवटच्या रांगेत कुणीतरी घोरलं. मॅडमची नजर माझ्यावर आली. मी डोळे मोठे करून दाखवले. ती प्रियंका होती.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "सिद्धेश्वरी, तू बाळांपाशीच राहा. हिला त्या ऑनलाइनला घाला." मावशी, मी तशीच खोलीत पळाले. तीन नंबरचं बाळ त्याच दिवशी घरी गेलं. आईनं त्याला काखोटीला मारलं आणि रिक्षात बसून गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. इतकं बरं वाटलं!

देवयानी मॅडमना मोबाइलवर सगळं सांगितलं, तेव्हा मेट्रन मॅडम मागं उभ्या राहून ऐकत होत्या. देवयानी मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, पुढच्या नर्सेसना त्या खण सुचवणार नाहीत, विचारतील, तुमचा ओव्हर कोण घेतं? त्यांचं रेकॉर्डिंग दुकानात चालतं, तेही सांगितलं. त्यांनी दोन चादरी मागवल्या.

संध्याकाळी मेट्रन मॅडमनी मला परत केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, बदलला की काय विचार. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी जूनमध्ये रिटायर होतेय. माझ्या जागी अजून कुणाची नेमणूक नाही." मग बराच वेळ टेबलावरच्या किल्ल्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या मावशी… बाहेरच्या कुणाचा ओव्हर घेतात का?"

मी पत्ता देऊ का?

सिदू

—

अकलूज, २ एप्रिल

सिदू,

दे. बाहेरची कशानं? मेट्रन असली तरी सिस्टरच ना.

तिला म्हणावं, मन लावून लिही, कितीही पानं होऊ देत. डावा-उजवा लिही. कुठलं कुलूप अडकतं ते विसरू नको. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, त्यानं पायरीवर स्वतःसाठी पाट आणून ठेवलाय.

रविवारी मात्र माझी सुट्टी. त्या दिवशी माझा सगळा ओव्हर तू घ्यायचास. आणि सकाळी दहाच्या आत उत्तराची आशा धरू नये. तेवढ्या वेळात कुणी दारात आलंच, तर फुलाबाई लाटणं घेऊन बसलेली असते. "ग्येली न्हाई," म्हणून सांगते. "झोपलीया."

राजूमावशी